मदत हवी आहे: जुन्या पिकअपला ऑटोमॅटिक हेडलाइट बसवायचे आहेत, मूळ स्विच तसाच ठेवून

शिवारातून:

नमस्कार मंडळी,

आमची २०१२ ची बोलेरो पिकअप आहे. डिझेल, साधे हॅलोजन हेडलाइट, एच-४ बल्ब, वायरिंग बहुतेक मूळचंच. हंगामात नारायणगावहून टोमॅटो भरून आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण असं वाशी मार्केटला जाते. गाडी भाऊ चालवतो. हिशोब, कागदपत्रं, देखभाल माझ्याकडे. मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय, घरातली वायरिंग आणि विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर स्वतः करते. गाडीच्या बारा व्होल्टच्या वायरिंगला मात्र अजून हात लावलेला नाही, म्हणून आधी इथे विचारते.

अडचण दिवेलागणीच्या वेळेची आहे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, पण गाडी चालवणाऱ्याचे डोळे हळूहळू अंधाराला सरावत जातात. त्याला रस्ता दिसत असतो, म्हणून तो लाइट लावत नाही. मी बोलले की भाऊ म्हणतो, "मला दिसतंय की सगळं." त्याला दिसतंय हे खरं, पण गाडी दुसऱ्याला दिसते का हा माझा प्रश्न आहे. त्या वेळी रस्त्यावर शाळेतून, कामावरून परतणारी माणसं असतात, उसाच्या ट्रॉल्या असतात. आणि पुढचा लाइट लावलेला नाही म्हणजे मागचे लाल दिवेसुद्धा बंद. भरलेली पिकअप चढाला रांगत असते आणि मागून एखादा ट्रेलर सुसाट येतो, हे डोळ्यांसमोर आलं की मला घरी बसवत नाही.

दुसरी अडचण उलटी. पहाटे मार्केटला पोचल्यावर उजाडू लागतं, माल उतरवायची घाई असते आणि लाइट तसेच चालू राहतात. उजेडात कोणाच्या लक्षात येत नाही. मग बॅटरी बसते आणि हमालांना धक्का मारायला लावायचा.

इथल्या एका गॅरेजमध्ये विचारलं. ते म्हणाले, लाइटचा स्विचच काढून टाकू, किल्ली फिरवली की लाइट चालू होतील असं करून देतो. मला ते पटलं नाही. त्यात काही बिघडलं तर रात्री घाटात हाताशी काहीच उरणार नाही.

मला हवं ते असं: अंधारलं की हेडलाइट आणि मागचे दिवे दोन्ही आपोआप लागावेत, किल्ली काढली की बंद व्हावेत, आणि भावाने हाताने स्विच टाकला तर उजेड ओळखणारा सेन्सर काहीही म्हणो, लाइट लागलेच पाहिजेत. उजेडावर चालणारी बारा व्होल्टची मॉड्यूल मिळतात, त्यांवर दहा अँपिअर लिहिलेलं असतं. ते थेट हेडलाइटला चालेल का? रिले (छोट्या करंटने कॉइल ओढून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कुठे टाकायचा? आणि पासिंगला काही अडचण येईल का?

जुना_वायरमन:

ताई, स्विच काढू दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. तो काढायचाच नाही. सेन्सरने चालणारा रिले त्या स्विचला पॅरलल टाकायचा. तुमचा ट्रेड वायरमनचा, त्यामुळे एवढ्यात चित्र स्पष्ट झालं असेल. दोघांपैकी कोणीही एक चालू असला की दिवा लागणार. सेन्सर मेला तरी स्विच आहे, आणि स्विचचा पॉइंट जळाला तर सेन्सर आहे.

दहा अँपिअरच्या मॉड्यूलवर थेट हेडलाइट चालवू नका. एच-४ चा लो बीम ५५ वॅटचा, दोन्ही बाजू मिळून ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. शिवाय थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. मॉड्यूलवरच्या त्या छोट्या निळ्या रिलेचे पॉइंट थोड्या दिवसांत चिकटतात. मॉड्यूलने फक्त गाडीच्या रिलेची कॉइल ओढायची, तिला पाव अँपिअरही लागत नाही. हेडलाइटचा भार गाडीच्या ३०/४० अँपिअरच्या रिलेवर द्यायचा. कॉइलवर उलटा डायोड टाका, १एन४००७ चालतो. नाहीतर कॉइल सुटताना जो झटका येतो तो मॉड्यूल मारतो.

रिले दोन घ्या, एक हेडलाइटला आणि एक पार्किंगला. मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा, मीटरचा उजेड हे सगळं पार्किंगच्या लाइनवर असतं. बाजारात तयार मिळणारी बरीच किट नुसता हेडलाइट लावतात आणि मागून गाडी काळोखात राहते. चालवणाऱ्याला समोर उजेड दिसतो, त्यामुळे मागे अंधार आहे हे त्याला कळतही नाही. त्यापेक्षा किट नसलेलं बरं.

आता जोडणी. काही गाड्यांत स्विच प्लस तोडतो, काहींत बल्बची अर्थिंग. पॅरलल जोडल्यावर त्याची काळजी नाही, कारण रिलेच्या ३० आणि ८७ या पिना, म्हणजे त्याच्या आतल्या स्विचची दोन टोकं, कोरड्या असतात. त्यांना प्लस-मायनसशी देणंघेणं नाही. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, कॉम्बिनेशन स्विचचा कपलर सोडवा. मीटर कंटिन्यूटीवर ठेवून स्विचच्या बाजूच्या पिनांवर बघा. दांडी पार्किंगला फिरवल्यावर कुठल्या दोन पिना जोडल्या जातात, हेडला फिरवल्यावर कुठल्या. त्या दोन जोड्या म्हणजे तुमच्या रिलेच्या जागा. हेडलाइटची जोडी डिपरच्या आधीची असली पाहिजे, म्हणजे अप्पर-डिपर पूर्वीसारखाच चालतो. कंपनीचे फ्यूजही आपलं काम करत राहतात.

मॉड्यूलचा आणि कॉइलचा सप्लाय इग्निशनच्या लाइनवरून, मध्ये दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज. किल्ली काढली की सगळं बंद. डिझेल इंजिनाला सेल मारताना बॅटरीवर आधीच मोठा भार असतो, तेव्हा सुरुवातीला चार-पाच सेकंद थांबणारं मॉड्यूल मिळालं तर तेच घ्या.

सर्किटवेडा:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी सेन्सरबद्दल लिहितो, कारण बहुतेकांचं काम तिथेच फसतं.

एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) समोरच्या बाजूला तोंड करून लावू नका. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने त्याला दिवस उगवल्यासारखं वाटतं. तोंड वर, आकाशाकडे, काचेच्या खालच्या कडेला. काचेवरच्या काळ्या पट्टीच्या, स्टिकरच्या किंवा देवाच्या मूर्तीच्या सावलीत येऊ देऊ नका. मालवाहू गाडीच्या डॅशबोर्डवर टॉवेल, वजनकाट्याच्या पावत्या, पाण्याची बाटली हे असतंच, तेव्हा अशी जागा निवडा जिथे कोणाला काही ठेवायची सवय नाही.

जोडणी अशी करा की एलडीआरची वायर तुटली तर सर्किटला 'अंधार' वाटावा. एलडीआरचा रेझिस्टन्स उजेडात काहीशे ओहमांवर येतो आणि अंधारात लाखांत जातो. तुटलेली वायर म्हणजे अमर्याद रेझिस्टन्स, म्हणजे अंधारच. मग बिघाड झाला तर भर दुपारी लाइट लागतील, ते चालेल. रात्री विझणं मात्र चालणार नाही. मॉड्यूल आणल्यावर टेबलावर एलडीआरची एक तार सोडून हे तपासून बघा, रिले ओढलेलाच राहिला पाहिजे.

लाइट लागण्याची आणि विझण्याची उजेडाची पातळी वेगवेगळी हवी, शिवाय विझताना अर्ध्या मिनिटाचा तरी उशीर हवा. नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यांच्या रांगेखालून जाताना हेडलाइट उघडझाप करतात. मॉड्यूल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. तिथे दुकानदाराला 'हिस्टेरेसिस आहे का' (म्हणजे लागण्या-विझण्याच्या पातळीतला हा फरक) एवढंच विचारा, जाणकार असेल तर लगेच योग्य वस्तू काढून देईल.

घाटमाथा:

मी त्याच रस्त्याने भाजीची गाडी नेतो, म्हणून कळकळीने सांगतो. माळशेजला पावसाळ्यात दिवसा धुकं उतरतं ना, तिथे हा सेन्सर काहीही करणार नाही. दिवसाचं धुकं पांढरंशुभ्र असतं, एलडीआरला ते भरपूर उजेड वाटतं. पुढचं दहा पावलांवर दिसत नाही आणि सेन्सर म्हणतो दुपार आहे. ज्यांच्या गाडीला कंपनीतूनच ऑटो लाइट आलेत त्यांचंही हेच होतं, बिनधास्त बसतात आणि मागचे दिवे बंद. भावाला पक्कं सांगून ठेवा, धुकं किंवा जोराचा पाऊस आला की हाताने स्विच टाकायचा. लो बीमच टाकायचा, अप्परने धुक्याची भिंत आणखी पांढरी होते.

आणि कोणी सांगेल की हात घातलाच आहे तर पांढरे एलईडी बल्ब पण टाका. नका टाकू. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ते बसवले की झोत फुटतो आणि घाटात समोरच्याचे डोळे दिपतात.

कागदपत्रे_बरोबर:

पासिंगचं विचारलंत म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तुम्ही दिव्यांची संख्या, रंग, वॅट, जागा यातलं काही बदलत नाही, मूळ स्विचही चालू ठेवताय, त्यामुळे माझ्या मते हे त्यात बसत नाही. तरी करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तिथे दिवे बघतातच. लटकणाऱ्या वायरी आणि काळी टेप दिसली की उगाच प्रश्न निघतात, म्हणून काम स्वच्छ करा.

१ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट आपोआप चालू राहणं सक्तीचं झालं, तेही दुसऱ्यांना गाडी दिसावी म्हणूनच. तुमचा विचार त्याच दिशेचा आहे.

शिवारातून:

सगळ्यांचे मनापासून आभार. धुक्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भावाला घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला, "हे बरोबर बोलतायत."

काल कव्हर काढून मोजणी केली. पार्किंगची जोडी लगेच सापडली. हेडलाइटचं मात्र अडलं. डिपरच्या आधीची वायर कपलरमध्ये बाहेरच येत नाही, लाइटचा पॉइंट आणि डिपर स्विचच्या आतच जोडलेले दिसतात. बाहेर कॉमन, लो आणि हाय एवढ्याच पिना मिळतात. रिले कॉमन आणि लो यांच्यात टाकला तर भावाने अप्पर मारल्यावर लो पण चालूच राहील, दोन्ही फिलामेंट एकदम. यावर काय करू?

शिवाय बॅटरीचं राहिलंच. भावाने सवयीने स्विच हाताने टाकला आणि तसाच ठेवला, तर किल्ली काढूनही लाइट चालूच राहणार ना?

जुना_वायरमन:

ताई, मोजणी अगदी बरोबर केलीत. दोन्ही फिलामेंट एकदम चालू ठेवायचे नाहीतच. बल्ब आणि होल्डर दोन्ही तापतात, जुन्या गाडीत होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं.

अजून एक रिले घ्या, पाच पिनांचा. त्याची कॉइल, म्हणजे ८५ आणि ८६, एका हेडलाइटच्या हाय फिलामेंटच्या दोन टोकांना जोडा. प्लस तुटणारी गाडी असो की अर्थिंग तुटणारी, हाय लागला की ही कॉइल ओढणारच. आता लो बीमच्या ऑटो रिलेच्या कॉइलला मॉड्यूलकडून जी वायर जाते ती सरळ न नेता या नव्या रिलेच्या ३० वर आणा आणि ८७ए वरून पुढे न्या. हाय बंद असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, ऑटो लो चालतो. अप्पर मारला की ते सुटतात आणि लो विझतो. डिपरला आणलं की लो परत येतो. या रिलेलाही डायोड टाकायचा, पण पट्टी प्लसच्या टोकाकडे येईल हे मीटरने बघूनच.

स्विच चालू राहण्याला साधा उपाय बझर. बझरचं प्लस पार्किंगच्या जिवंत वायरला, मायनस इग्निशनच्या लाइनला, मध्ये एक डायोड. किल्ली चालू असताना दोन्हीकडे बारा व्होल्ट, बझर गप्प. किल्ली काढली की इग्निशनची लाइन बाकीच्या लोडमधून अर्थला जाते आणि पार्किंग चालू राहिलं असेल तर बझर ओरडतो. तुमच्या गाडीत पार्किंगची वायर प्लसचीच आहे ना, तेवढं टेस्ट लॅम्पने बघून घ्या.

सगळे रिले डॅशबोर्डच्या आत, पिना खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. जोड क्रिंप करून वर हीट श्रिंक. टोचून बसणारे तयार कनेक्टर वापरू नका, आपल्या रस्त्यांच्या हादऱ्याने ते सैल होतात. हेडलाइटच्या रिलेला अडीच स्क्वेअरची वायर, कॉइलला अर्ध्याची पुरते.

शिवारातून:

८७ए चं कागदावर काढून बघितलं, बसतंय. पार्किंगची वायर प्लसचीच आहे. शनिवारी गाडी घरी असेल, तेव्हा काम काढते. आधी मॉड्यूल टेबलावर लावून एलडीआरची तार सोडून बघणार, मगच गाडीत. जोडणीचा नकाशा इथेच टाकते, कोणाला चूक दिसली तर शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा.