बॉयलर फीड पंपाचे सील : प्लॅन 21 की प्लॅन 23?

भोसरीकर (धागाकर्ता) : भोसरी-चाकण पट्ट्यात माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच फीड पंपांवर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या पंपांवर) आजही एपीआय 682 या पंप-सीलच्या मानकातला प्लॅन 21 आहे, म्हणजे डिस्चार्जचे (पंपाच्या बाहेर पडण्याच्या बाजूचे) गरम पाणी कूलरमधून काढून सीलवर सोडायचे. माझ्या मते तो बंद करून प्लॅन 23 घ्यावा. फिरत्या शाफ्टजवळून पाणी गळू न देणाऱ्या या सीलच्या एकमेकांवर फिरणाऱ्या दोन फेसमध्ये (पृष्ठांमध्ये) जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा पाण्याचा थर असतो आणि तेच त्यांचे वंगण. 105 अंशांच्या पाण्याची चिकटता 25 अंशांच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश उरते. शिवाय फेस ओलांडताना दाब वातावरणाइतका उतरला की त्याची वाफ होते आणि कार्बन फेस कोरडा घासला जातो. म्हणून गारवा हवाच, पण मिनिटाला 8 किलो पाणी 110 वरून 60 अंशांवर आणायचे तर कूलरने सुमारे 28 किलोवॅट उष्णता सतत काढावी लागते. प्लॅन 23 मध्ये सील चेंबरमधले तेच पाणी शाफ्टबरोबर फिरणारी पंपिंग रिंग कूलरमधून फिरवत राहते, त्यामुळे फक्त फेसच्या घर्षणाची आणि पंपाच्या अंगातून झिरपणारी उष्णता काढणे पुरते.

चाकणचा मेंटेनन्सवाला : कागदावर सगळे पटते. पंपिंग रिंगचा जोर मात्र अगदी तुटपुंजा असतो. पाइपला एखादा उलटा बाक पडला किंवा वरच्या टोकाचा व्हेंट उघडून हवा काढायची राहिली, की फिरणे थांबते आणि सील जळाल्यावरच ते कळते. रात्रपाळीला तो व्हेंट कोण उघडणार, हे आधी सांगा! प्लॅन 21 ला डिस्चार्जचा दाब असल्यामुळे असले नखरे नाहीत. आमच्याकडे कूलरला थंडाव्यासाठी दिलेल्या बोअरच्या पाण्याने तो तुंबतो हे खरे, पण तसा तो प्लॅन 23 मध्येही तुंबेल.

भोसरीकर : इथे मी असहमत आहे. जड (क्षारयुक्त) पाण्यातला चुन्याचा थर नळीची भिंत जितकी गरम तितका लवकर धरतो, आणि 110 अंशांचे पाणी अखंड ओतणारी पद्धत ती भिंत कायम तापलेली ठेवते. हवेचा मुद्दा बरोबर आहे. तो पाइप सतत चढता ठेवून आणि कूलर पंपाच्या मध्यरेषेच्या सुमारे अर्धा मीटर वर बसवून सोडवता येतो. असे बसवले की थांबलेल्या, पण गरम पंपातही पाणी आपोआप थोडेफार फिरत राहते.

डीएम (क्षारमुक्त पाण्याच्या) प्लांटवाला : एवढा खल करण्यापेक्षा बाहेरून स्वच्छ थंड पाणी द्या, म्हणजे प्लॅन 32 घ्या.

भोसरीकर : ते पाणी सीलवरून थेट पंपात आणि तिथून बॉयलरमध्ये जाते. बॉयलर गंजवणारा म्हणून डिएरेटरने पाण्यातून काढलेला ऑक्सिजन त्याच वाटेने परत आत घ्यायचा का?

चाकणचा मेंटेनन्सवाला : त्यावर माझेही दुमत नाही. मात्र जुन्या पंपांच्या सील चेंबरमध्ये पंपिंग रिंग मावत नाही. तिच्यासाठी सील आणि कधीकधी कव्हरही नवे घ्यावे लागते. नव्या पंपाच्या ऑर्डरमध्ये प्लॅन 23 जरूर लिहावा. जुन्यावर मी सॉफ्टनरचे (जडपणा काढलेले) पाणी कूलरला देऊन प्लॅन 21 च चालवीन.