एचटूएस बाटली काळी झाली: बोअर, दोन्ही टाक्या आणि घरातली पाइपलाइन निर्जंतुक कशी करायची?

धायरी_रो_हाऊस विचारतात:

मंडळी, रो-हाऊसला ६ इंची बोअर आहे. खोली २२० फूट, सबमर्सिबल पंप १८० फुटांवर, सध्या पाणी ६० फुटांवर लागतं. केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला संरक्षक पाइप) ४० फूट, पण जमिनीच्या वर जेमतेम चार इंच आणि त्यावर झाकण म्हणून पोतं बांधलेलं. पाणी आधी खालच्या ५,००० लिटरच्या टाकीत, तिथून दुसऱ्या पंपाने गच्चीवरच्या २,००० लिटरच्या टाकीत. महापालिकेचं पाणीही त्याच खालच्या टाकीत पडतं. स्वयंपाकघरात आरओ, बाथरूमला गिझर, गच्चीवर सोलर. पावसाळा संपल्यावर स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याची एचटूएस चाचणी (मैल्याचे जंतू असतील तर बाटलीतलं पाणी काळं होतं ती) केली, बाटली काळी झाली. शेजारचं ड्रेनेज चेंबर बोअरपासून साधारण तीस फुटांवर आहे. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती, कशी आणि किती वेळ? ‘मूठभर टाका’ असं सगळेच सांगतात, मूठ कोणाची ते कोणी सांगत नाही.

कातळ_आणि_पाणी:

मूठ विसरा, वजनकाटा घ्या. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून या भागात टीसीएल सर्रास पडते, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी आणि चुकीच्या मापाने.

आधी बोअरचं तोंड. पोतं बांधलेल्या बोअरमध्ये कितीही क्लोरीन घातलं तरी पुढच्या पावसात गढूळ पाणी परत आत जाणार. केसिंगला वरून तुकडा जोडून ते जमिनीपासून किमान दीड फूट वर आणा. केबल आणि पाइपला भोकं असलेली, रबरासकट बसणारी केसिंग कॅप लावा. भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा करा. केसिंग मुरमातच संपलं असेल तर वरचं पाणी त्याच्या बाहेरून खाली उतरतं. ते कठीण कातळात रुतलेलं हवं आणि बाहेरची पोकळी सिमेंटच्या पातळ मालाने भरलेली हवी. तुमचं ४० फूट आहे, म्हणजे बहुधा कातळापर्यंत पोचलं असेल, पण वरची पोकळी उकरून बघा.

चेंबरचं अंतर किमान ५० फूट धरतात. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी वाळूतल्यासारखं गाळत गाळत येत नाही, फटीतून सरळ येतं, त्यामुळे ५० फूट ही काही हमी नव्हे. शेजाऱ्यांना चेंबर आतून प्लास्टर करायला सांगा. गच्चीचं पावसाचं पाणी पाइपने थेट बोअरमध्ये सोडलेलं असेल तर ते आजच बंद करा. पुनर्भरण करायचं तर वाळू-खडीच्या गाळणीतून आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर टाकून.

आता माप. ६ इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी असतं. तुमचा पाण्याचा स्तंभ २२० वजा ६०, म्हणजे १६० फूट. त्याचे झाले ८८० लिटर. फटींत जाणारं आणि भिंतीवरच्या बुळबुळीत थराने खाल्लं जाणारं धरून दीडपट करा, म्हणजे १,३०० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे एकूण १३० ग्रॅम. टीसीएलची नवी पिशवी ३०-३५ टक्क्यांची असते, पण उघडून ठेवलेली २५ टक्क्यांवर येते, म्हणून २५ धरा. ५२० ग्रॅम लागेल. गोळे झालेली, ओलसर, वास गेलेली पावडर वापरूच नका, ती खडूच्या लायकीची. द्रव हायपोक्लोराइट १० टक्क्यांचं मिळालं तर १.३ लिटर पुरेल, मात्र तेही उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये उतरतं.

पावडर कोरडी कधीच टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या, त्यात १०० ग्रॅम पावडर ढवळा (पावडर पाण्यात, पाणी पावडरीवर नाही), दहा मिनिटं थांबा आणि वरचं पाणी तेवढं ओता. तळाचा चुना फेकून द्या. तो बोअरमध्ये गेला तर आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. तुमच्या पाच बादल्या होतील. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. आणि जवळपास ॲसिडची बाटली नको: क्षार काढायला मुरिएटिक ॲसिड आणि त्यावर टीसीएल असा प्रयोग लोक करतात, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि माणूस थेट दवाखान्यात जातो.

बादल्या ओतून झाल्या की काम अर्धंच झालेलं असतं. ओतलेलं वरच्या थरातच राहतं, पंप १८० फुटांवर, तिथपर्यंत काही पोचत नाही. म्हणून बोअरच्या डिलिव्हरीला बाग-पाइप जोडा, मोटर चालू करा आणि तेच पाणी कॅपच्या भोकातून परत बोअरमध्ये सोडा. पाइप फिरवत राहा, म्हणजे केसिंगची आतली बाजू, केबल आणि दोर धुतले जातात. पाइपमधून क्लोरीनचा उग्र वास आल्यावरही अर्धा तास चालू ठेवा. पंपाच्या खालच्या ४० फुटांतलं पाणी असं नीट मिसळत नाही, म्हणून शेवटी गच्चीवरच्या टाकीतलं क्लोरीन घातलेलं ३००-४०० लिटर पाणी वरून सोडा. त्याने बोअरमधलं पाणी खाली आणि बाजूच्या फटींत ढकललं जातं.

मग मोटर बंद, स्टार्टरवर चिठ्ठी. किमान १२ तास, जास्तीत जास्त २४. त्याहून जास्त ठेवलं तर मोटरचं सील, केबलचा जोड आणि एनआरव्हीचं (पाणी उलट जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचं) रबर बिघडतं. आणि ‘दुप्पट टाकलं म्हणजे जास्त शुद्ध’ असं नसतं. फार टीसीएल घातली की पाण्याचा पीएच वर जातो आणि जास्त पीएचला क्लोरीनचा मारा मंदावतो.

नळजोड:

बोअरचा भाग वर नीट आला आहे. घरातल्या लाइनमध्ये लोक चार ठिकाणी अडकतात.

एक, टाकी न घासता क्लोरीन घालणं. तळाच्या गाळातच सगळं क्लोरीन संपतं. आधी दोन्ही टाक्या वॉशआउटने (तळाच्या निचऱ्याच्या तोंडाने) रिकाम्या करा, ब्रशने घासा, गाळ काढा. खालच्या टाकीत उतरायचं ते क्लोरीन घालण्याआधी. झाकण तासभर उघडं ठेवा, वर एक माणूस उभा हवा. मग १०० लिटर पाण्यात ८० ग्रॅम टीसीएलचं निवळलेलं द्रावण करून बाहेर उभं राहून लांब दांड्याच्या ब्रशने भिंतींना लावा, अर्धा तास ओलं ठेवा आणि धुऊन काढा. एवढ्याने खालची टाकी भागते, ५,००० लिटरला पूर्ण डोस देऊन पाणी वाया घालवायचं कारण नाही. वरच्या टाकीत मात्र २,००० लिटर भरून ४०० ग्रॅमचं द्रावण टाका, कारण पाइपांत जाणारं पाणी तेच. बोअरमधलं क्लोरीनवालं पाणी वर चढवलं की झालं, असं समजू नका. बोअरमध्ये ताजं पाणी येत राहतं आणि वर पोचेपर्यंत ते पातळ होतं.

दोन, जाळ्या. नळांच्या तोंडाची जाळी, शॉवरची चाळणी आणि वॉशिंग मशीनच्या इनलेटमधली जाळी आधीच काढा. जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) लाइन असेल तर क्लोरीनमुळे गंज आणि बुळबुळ सुटते, पाणी तांबडं-काळं येतं आणि दुसऱ्या दिवशी नळच चालत नाहीत. पाणी तांबडं आलं म्हणून घाबरू नका, स्वच्छ होईपर्यंत सोडा.

तीन, विसरलेले नळ. टाकीपासून सर्वांत लांबच्या नळापासून सुरू करा, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा आणि बंद करा. गच्चीचा नळ, पार्किंगचा नळ, फ्लश टाक्या, हेल्थ फॉसेट, भिंतीत ठेवलेलं मशीनचं जास्तीचं कनेक्शन, हे सगळं. प्लग मारलेली एखादी मेलेली लाइन राहिली की तिथूनच जंतू परत पसरतात. ती कापूनच टाका.

चार, आरओ. इनलेट बंद आणि बायपास. जास्त क्लोरीनने मेंब्रेन जातो, आणि महागाचा भाग तोच. सॉफ्टनर असेल तर तोही बायपास.

गिझरचा स्विच बंद करून तो थंड होऊ द्या, मग त्यातून क्लोरीनवालं पाणी घ्या आणि दुसऱ्या दिवशी खालच्या ड्रेनने पूर्ण काढा. त्या पाण्यावर गिझर तापवू नका.

आणि महापालिकेची लाइन: काम चालू असताना तिचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. तिचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर, मोकळ्या हवेत आहे ना ते बघा. पाण्यात बुडालेलं असेल तर दाब गेल्यावर तुमचं पाणी सगळ्या गल्लीच्या लाइनमध्ये ओढलं जाईल. बोअरची लाइन महापालिकेच्या लाइनला थेट जोडलेली असेल तर आधी ती तोडा.

धायरी_रो_हाऊस:

दोघांचे आभार. सोलरचं राहिलं. आणि पोहण्याच्या तलावाच्या ९० टक्केवाल्या गोळ्या बोअरमध्ये टाकल्या तर चालतील का? दुकानदार म्हणतो एकच गोळी पुरे.

नळजोड:

सोलर बायपास करा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. आतली टाकी स्टेनलेसची असेल तर गरम पाण्यात जास्त क्लोरीनने तिला बारीक खड्डे पडतात. ऊन चांगलं असेल तर आतलं पाणी साठ अंशांच्या वर जातं, जंतूंचं काम तिथेच होतं. नंतर एकदा रिकामी करून भरा.

गोळ्या नकोत. त्या हळू विरघळतात, खाली जाऊन पंपावर किंवा पाइपच्या जोडावर बसतात आणि तिथला धातू खातात. शिवाय त्यातलं स्थिर ठेवणारं रसायन पाण्यात उरतं. दुकानदाराला गोळी खपवायची आहे.

पेठेतला_आड:

इथेच विचारतो. वाड्यातला आड आहे, व्यास ६ फूट, पाणी १२ फूट. धुण्या-भांड्याला वापरतो. सूत्र तेच का?

कातळ_आणि_पाणी:

सूत्र वेगळं, कारण आकार वेगळा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि त्याला २२ ने गुणा: ६ × ६ × १२ × २२, साधारण ९,५०० लिटर. एकदाच पूर्ण निर्जंतुक करायचं तर लिटरला ५० मिलिग्रॅम धरून २५ टक्क्यांची १.९ किलो. पण त्याआधी उपसा, गाळ काढा, दगडांच्या सांध्यातली झाडं उपटा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. एकदा टीसीएल पडली की कोणी उतरायचं नाही. रोजच्या वापरासाठीचा डोस फार कमी असतो: चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे तुम्हाला २४ ग्रॅम. बादलीत निवळून घ्या, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा आणि तासाभराने पाणी वापरा. वर जाळी नसेल तर कबुतरं तुमचं गणित रोज बिघडवतील.

नमुना_बाटली:

क्लोरीन तपासण्याबद्दल. ओटीच्या (ऑर्थोटोलिडीन) थेंबांनी पिवळा रंग येतो, पण एवढ्या जास्त डोसला तो नारिंगी-लाल होतो आणि वाचता येत नाही. डीपीडीच्या गोळीचं (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) उलट आहे: क्लोरीन फार असेल तर रंगच उडतो आणि शून्य वाटतं. म्हणून एक भाग पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी असं पातळ करून बघा आणि दहाने गुणा. बारा तासांनंतर बोअरच्या पाण्यात क्लोरीन अजिबात उरलेलं नसेल तर मधल्या कशाने तरी ते खाल्लं आहे, परत करा. चाचणीचं पाणी फेकून द्या, पिऊ नका.

बाहेर काढताना आधी बोअर, तेही पाइपने थेट बाहेर, घरात न घेता. सेप्टिक टाकीत सोडलं तर तिथले कामाचे जीवाणू मरतील, ओढ्यात सोडलं तर मासे. गच्चीच्या टाकीतलं पाणी पार्किंग आणि फरशी धुवायला वापरा, झाडांना नको. मोटर तासन्‌तास सलग चालवू नका: झरा कमी असेल तर पाणी पंपाच्या खाली जाईल आणि मोटर कोरडी फिरेल. अर्धा तास चालू, अर्धा तास बंद, वास जाईपर्यंत.

तपासणीचा नमुना लगेच घेऊ नका. पाण्यात क्लोरीन असताना घेतलेला अहवाल चांगलाच येतो आणि लोक त्यावर निर्धास्त होतात. क्लोरीन शून्य झाल्यावर साधारण आठवड्याने घ्या. बाटली लॅबकडूनच आणा. राज्य आरोग्य प्रयोगशाळा किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची खासगी लॅब चालेल. बाटलीतली पावडर धुऊ नका, ती उरलेलं क्लोरीन मारण्यासाठीच असते. धातूचा नळ ज्योतीने शेकून, दोन मिनिटं पाणी सोडून भरा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. दोन नमुने घ्या: बोअरच्या डिलिव्हरीचा आणि स्वयंपाकघराचा. बोअर चांगली आणि नळ वाईट आला तर दोष टाकीत किंवा लाइनमध्ये. दोन्ही वाईट आले तर बोअरचं तोंड किंवा शेजारचं चेंबर, आणि मग टीसीएलच्या मागे लागून उपयोग नाही. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आणि कोलिफॉर्म अजिबात नकोत.

तुमची एचटूएस बाटली काळी झाली, ती स्वयंपाकघरातल्या नळाची. ही चाचणी सूचक आहे, खोल बोअरमध्ये इतर गंधक-जीवाणूंमुळेही ती काळी होऊ शकते. म्हणून लॅबचा आकडा घ्याच, आणि त्यातच नायट्रेट मागा. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सांडपाणी किंवा खत पोचतंय असं समजा. नायट्रेट क्लोरीनने जात नाही आणि उकळूनही नाही, उकळल्याने उलट दाट होतं.

दोन्ही नमुने शुद्ध येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळून घ्या. महिन्याभराने परत एकदा आणि पुढच्या जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाल्यावर एकदा तपासा. केसिंगचं काम खरंच झालंय की नाही, ते त्या जूनच्या नमुन्यात कळेल.