मदत हवी आहे: जोडी व्हिटेकरची बाजू मांडायची आहे, आणि आजीही बघायला बसणार आहे

पैनगंगा_काठ (नांदेड):

नमस्कार मंडळी. गेले पाच शनिवार आम्ही चार-पाच जण आमच्या बैठकीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून 'डॉक्टर हू' बघतोय. ज्याची पाळी त्यानं आपल्या आवडत्या डॉक्टरचे दोन भाग लावायचे आणि तोच का आवडतो ते सांगायचं. टॉम बेकर झाला, डेव्हिड टेनंट झाला, पीटर कपाल्डीवर तर रात्री एकपर्यंत वाद चालला. आता पाळी माझी. मी जोडी व्हिटेकरचं नाव घेतलं आणि बैठकीत दोन तट पडले.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर ही सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून फिरणारा प्रवासी. मरणाला टेकला की त्याचा देह पालटतो, चेहरा नवा येतो, स्वभावातही फरक पडतो. म्हणून नट बदलले तरी गोष्ट थांबली नाही. व्हिटेकर ही मालिकेची मुख्य डॉक्टर झालेली पहिली स्त्री. १६ जुलै २०१७ला विंबल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर तिचं नाव जाहीर झालं. ७ ऑक्टोबर २०१८ला तिचा पहिला पूर्ण भाग आला आणि २३ ऑक्टोबर २०२२ला शेवटचा.

माझ्या मित्राचं म्हणणं असं: "ती बाई आहे याचं मला काही नाही. पण तिचा डॉक्टर बघत उभा राहतो. समोर अन्याय होतोय आणि ही हळहळून निघून जाते. टेनंट असता तर त्यानं जग उलटंपालटं केलं असतं." मला हे पटत नाही, पण नेमकं उत्तरही सुचत नाही. माझ्या मते तिचा सगळ्यात चांगला भाग 'डीमन्स ऑफ द पंजाब' आहे, आणि त्यात ती खरोखरच निघून जाते. मला तेच तिचं मोठेपण वाटतं. आता हे मांडायचं कसं? जोडीला दुसरा भाग कोणता लावू?

खरी अडचण पुढे आहे. मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर सगळे मोकळे असतात म्हणून मी १७ सप्टेंबरची संध्याकाळ ठरवली. त्या दिवशी आजी घरीच असते आणि ती बैठकीतच बसते. भाग फाळणीचा आहे, ऑगस्ट १९४७चा. आमच्याकडं त्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आलंच नव्हतं. आम्ही निजामाच्या राज्यात होतो, अजून तेरा महिने. रझाकारांच्या धामधुमीत आजीचं सगळं घर रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडकडं गेलं. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. शेजारच्या मुसलमान चाचांनी स्वतःच्या बैलगाडीतून त्यांना घाटापर्यंत सोडलं. पोलीस ॲक्शननंतर हे लोक परतले तेव्हा चाचांचं घर उघडं पडलेलं होतं. आजी एवढंच सांगते, पुढं एक शब्द नाही. चाचांचं नावही आम्हाला माहीत नाही.

मग हा भाग तिच्यासमोर लावावा का? लावला तर समजवायचा कसा? सबटायटल इंग्रजी आहेत. जाणकारांनी कृपया मनापासून सांगा.

परभणी_जुना_चाहता:

आधी वादाचं बघू. "बघत उभा राहणारा डॉक्टर" हे व्हिटेकरपासून सुरू झालेलं नाही. १९६४च्या 'द ॲझ्टेक्स'मध्ये डॉक्टरची सोबतीण बार्बरा नरबळी थांबवायला निघते. पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, तिला कळकळीनं अडवतो, की इतिहासाची एक ओळही बदलता येत नाही. ती तरी प्रयत्न करते आणि हरते. म्हणजे हे दुखणं मालिकेच्या पहिल्याच वर्षातलं आहे.

मित्राला टेनंट आवडतो ना? मग त्याला २००८चा 'द फायर्स ऑफ पॉम्पे' आठवायला सांगा. त्यात टेनंटचा डॉक्टर अख्खं शहर जळताना सोडून निघतो. ज्वालामुखी त्याच्याच हातानं फुटतो, नाहीतर सगळी पृथ्वी जाणार असते. त्याची सोबतीण डोना रडून विनवते, "निदान एकाला तरी वाचव," तेव्हा तो परत फिरून एक कुटुंब उचलतो. (त्या कुटुंबाचा कर्ता म्हणजे पीटर कपाल्डी, पुढं स्वतःच डॉक्टर झालेला.) म्हणजे टेनंटनंही जग उलटंपालटं केलं नाही. त्याला दार किलकिलं करायला जागा मिळाली, एवढंच.

पंजाबच्या गोष्टीत ती जागाच नाही. यास्मिन ही या डॉक्टरची सोबतीण. तिची आजी उम्ब्रीन तरुणपणी प्रेम नावाच्या हिंदू शेतकऱ्याशी लग्न करते. तो मेला नाही तर पुढं यास्मिन जन्मत नाही. त्याला वाचवणं म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या पोरीला पुसून टाकणं. डॉक्टरला हे आधी कळतं, आणि ते माहीत असूनही ती त्या दोघांचं लग्न स्वतः लावून देते. ज्याला नुसतं बघत उभं राहायचं असतं तो लग्न लावायला थांबत नाही. मित्राला हेच सांगा.

बीड_रात्रपाळी:

मी तुमच्या मित्राच्या बाजूचा. पंजाबचा भाग उत्तमच आहे, त्यावर दुमत नाही. पण एका भागानं कालखंड तरत नाही. पहिल्या वर्षी दहाच भाग, आणि काळातून फिरणाऱ्या गाडीत डॉक्टर धरून चार माणसं. प्रत्येकाच्या तोंडी थोडं थोडं द्यायचं म्हणून डॉक्टरच्या वाट्याला नुसती माहिती सांगणं आलं. 'कर्ब्लाम!' बघा. माणसांचं काम यंत्रांनी खाल्लेलं गोदाम, पिळून निघालेले कामगार, आणि शेवटी डॉक्टर कंपनीला फारसा जाब न विचारता निघते. आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. तो भाग बघून मला फार राग आला होता. तिथं इतिहासाची काही अडचण नव्हती, बोलायला पूर्ण मोकळीक होती.

तरी दोष व्हिटेकरचा नाही असंच मी म्हणेन. तिनं मिळालेलं प्रत्येक वाक्य जीव ओतून म्हटलंय. मालिकेची सूत्रं ख्रिस चिबनलकडं होती, गोष्टीची आखणी त्याची. मार्च २०२०च्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'मध्ये डॉक्टरचं अख्खं मूळ बदललं, हार्टनेलच्या आधीही तिचे कितीतरी जन्म झाले होते असं निघालं, आणि ते सांगताना तिला बराच वेळ जखडून ऐकत ठेवलं. मुख्य पात्राच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घडामोड, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून! मित्राशी बोलताना एवढं आधी कबूल करा. नाही केलं तर तुमचं पुढचं तो ऐकणार नाही.

पैनगंगा_काठ:

'कर्ब्लाम!'बद्दल तुमचं खरं आहे. मी तो आवडीनं बघितला होता, पण कोयत्याचं तुम्ही लिहिलंत आणि दुसऱ्या बाजूनं दिसला. हे मी त्या दिवशी स्वतःहून सांगेन. आजीचं मात्र अजून कोणी बोललं नाही.

संभाजीनगर_ताई:

बाळा, आजीचं आधी. त्यांना अचानक बसवू नकोस. आदल्या दिवशी दुपारी चहा पिताना सगळी गोष्ट तोंडी सांग, शेवटासकट. शेवट लपवून ठेवायची हौस इथं करायची नाही. प्रेमचा सख्खा भाऊ मनीषच बंदुकीवाल्यांना घेऊन येतो, हेही सांग. त्या वयाच्या माणसांनी घरात-शेजारात असं फिरलेलं बघितलेलं असतं. नको म्हणाल्या तर विषय तिथंच संपला, पोरांना तू दुसऱ्या दिवशी दाखव. हो म्हणाल्या तर त्यांच्याजवळ बस, रिमोट तुझ्या हातात ठेव. मारलेलं पडद्यावर दिसत नाही. डॉक्टर आणि सोबती पाठ फिरवून चालत असतात आणि गोळीचा आवाज येतो. तो आवाज येणार आहे हे मात्र आधी सांगून ठेव.

समजवायला इंग्रजी शब्द लागत नाहीत. टार्डिस म्हणजे बाहेरून कपाटाएवढी, आत वाड्याएवढी गाडी. डॉक्टरचं रूप पालटणं म्हणजे कात टाकणं, पुनर्जन्म म्हणू नकोस, कारण आधीचं सगळं तिला आठवतं. थिजारियन हे दोन परग्रहवासी भुतांसारखे दिसतात. आधी ते मारेकरी होते. पण त्यांचं जग नष्ट झालं तेव्हा आपल्या माणसांजवळ शेवटी कोणीच नव्हतं, याचं दुःख त्यांना लागलं. म्हणून आता जो एकटा मरतो त्याच्याजवळ जाऊन ते उभे राहतात. भाग ११ नोव्हेंबर २०१८ला दाखवला गेला, त्या दिवशी तिकडं युद्धात गेलेल्यांचं स्मरण करतात.

शिवाय गोष्ट १७ ऑगस्टच्या सुमाराची आहे. सीमारेषा नेमकी कुठून जाते ते लोकांना त्याच दिवशी कळलं, स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन दिवसांनी. आपली सतरा तारीख त्यानंतर बरोबर तेरा महिन्यांनी. आजींना हे सांगशील तर त्यांना गोष्ट परकी वाटणार नाही.

परभणी_जुना_चाहता:

ताईंचं ऐका. आणि दुसरा भाग 'द हॉन्टिंग ऑफ व्हिला डायोडाटी' लावा, २०२०चा. १८१६चा उन्हाळा, जिनिव्हाजवळचा बंगला, कवी बायरन, 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेली. तिथं उलट प्रसंग येतो. एका कवीला वाचवायचं, तर शत्रूला हवं ते देऊन टाकावं लागतं आणि पुढं असंख्य लोकांवर संकट येतं. सोबत्यांना वाटतं, सगळ्यांनी मिळून ठरवू. डॉक्टर पहिल्यांदाच चिडून सांगते, की अशा वेळी आपण बरोबरीचे नसतो, वर मी एकटीच उभी असते. आणि ती त्या कवीला वाचवते. एकात थांबणं, एकात हात घालणं, दोन्हीचं ओझं तिच्यावरच. व्हिटेकरचा चेहरा त्या दोन मिनिटांत नीट बघा. बीडच्या मित्रालाही सांगतो, इथं तिला लिहिणाऱ्यानं खरोखर काही दिलंय.

जाता जाता एक. १९६३ची पहिली गोष्ट दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन लखनौला जन्मलेला होता. आपल्याकडच्या माणसाचा हात या मालिकेला पहिल्या दिवसापासून आहे.

पैनगंगा_काठ:

सगळ्यांचे आभार. काल झालं, म्हणून लिहितो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे परवा दुपारी आजीला गोष्ट सांगितली. ऐकून ती म्हणाली, "लाव. म्या बसते." मित्रालाही आधी 'कर्ब्लाम!'चं कबूल केलं, त्यामुळे तो शांतपणे बसला.

आजीला यानाचं, भुतांचं काही नवल वाटलं नाही. लग्नाच्या वेळी प्रेमच्या हातून घड्याळ पडून बंद होतं आणि तो तसंच उम्ब्रीनला देतो, तिथं ती "अगं माय" म्हणाली. गोळीच्या आवाजाआधी मी तिचा हात धरला. तिनं डोळे मिटले नाहीत. भाग संपल्यावर कोणी दिवा लावायला उठेना. मग तीच म्हणाली, "ते दोघं सगळ्याइपाशी जातेत का रे?" मी म्हटलं, गोष्टीत तसं आहे, जो एकटा असेल त्याच्याजवळ. ती बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्या चाचापाशी कोन गेलं असंल?" आणि तिनं त्यांचं नाव घेतलं. माझ्या वडिलांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही, घरच्या वहीत लिहून ठेवलंय, त्यांच्या दोन बैलांच्या नावांसकट. तीही तिला आठवत होती.

दुसरा भाग काल राहून गेला. मित्र जाताना दारात म्हणाला, कालखंडाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण बाईंबद्दलचं मी मागं घेतो. 'व्हिला डायोडाटी' येत्या शनिवारी लावतोय. आजीनं विचारलंय किती वाजता ते.