आईचं विसरणं आणि शुगर: बेळगावच्या घरांसाठी

प्रेषक: शहापूर, बेळगावची, सध्या डॅलस

सर्वांना नमस्कार,

आई शहापुरात एकटी असते. वय ७८, शुगर जुनी. हल्ली ती विसरते: गॅसवर दूध ठेवून देवळात जाते, भाजीवालीला दोनदा पैसे देते. आषाढी एकादशीला तिने कडक उपवास केला, गोळी मात्र रोजची घेतली. दुपारी शेजारच्या काकू गेल्या तेव्हा ती काहीबाही बोलत होती, काकूंनाही ओळखेना. वयामुळे असेल म्हणून त्यांनी तिला झोपवलं. संध्याकाळी त्यांच्या मुलाने मीटर लावलं तर शुगर ४८.

नंतर एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी झाली, सगळे प्रश्न कन्नडमधून. आईला कन्नड येतं ते बाजारापुरतं. गुण फार कमी आले. आता कुणाचं ऐकू? शुगर आणखी कडक ठेवायला सांगू का?

प्रेषक: मूळचा निपाणीचा, वृद्धांचा डॉक्टर, न्यू जर्सी

ताई,

कडक नका करू. आता ती थोडी सैल सोडायची वेळ आली आहे. तिथल्या डॉक्टरांशी आजच बोला.

जुन्या मधुमेहात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका साधारण दीडपट होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्यासारख्यांनी शुगर आणि रक्तदाब सांभाळायचा तो यासाठीच. पण ७८ व्या वर्षी, विसर पडू लागल्यावर, जास्त भीती शुगर एकदम खाली जाण्याची. मेंदू ग्लुकोजवर चालतो आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. ज्या वृद्धांना शुगर उतरण्याचे असे मोठे झटके येतात त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो. आणि विसराळू माणूस गोळी दोनदा घेतो, जेवायचं राहून जातं, की पुन्हा झटका. म्हातारपणी घाम, थरथर दिसेलच असं नाही; भ्रमिष्टासारखं बोलणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. म्हणून आई अशी बोलू लागली की आधी मीटर लावायचं.

अमेरिकेतल्या अकॉर्ड अभ्यासात शुगर फार खाली आणण्याचा प्रयोग २००८ मध्ये थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. स्मरणशक्तीलाही त्याचा फायदा दिसला नाही. विसर पडणाऱ्या वृद्धांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशन एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, ८ टक्क्यांच्या खाली असली तरी पुरे म्हणते. आपण मात्र फोनवर फास्टिंग विचारतो आणि ९० ऐकलं की खूश होतो. ही सवय आपल्या सगळ्यांनीच सोडायला हवी, हे मी कळकळीने सांगतो.

गोळीचं नाव बघा. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावतात. ग्लिबेनक्लामाइड तर वृद्धांना शक्यतो देऊच नये. मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा अशी कोसळत नाही, पण वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. त्यानेही विसर पडतो, आणि वेळेत कळलं तर उपचार सोपे आहेत. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या.

कन्नडमधली ती चाचणी मी धरणार नाही. मोका ही स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी चाचणी मराठीत आहे. शुगर स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी, चष्मा लावून, कानाचं यंत्र असल्यास तेही लावून, मराठीत करून घ्या.

प्रेषक: खानापूर तालुक्यातला, सध्या टोरांटो

डॉक्टरकाकांनी सांगितलंय त्याला जोडून. आमच्या बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असं तिन्ही एकत्र होतं. व्होग्लिबोज असेल तर साखर खाऊन शुगर लवकर चढत नाही, कारण ते औषध आतड्यात साखर फोडूच देत नाही. म्हणून घरात ग्लुकोज पावडर हवी. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आमच्याकडे लोक प्रेमाने कुंदा भरवायला धावतात. त्यातल्या स्निग्धामुळे उशीर होतो, तो नंतर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि शुगर वर आली तरी डॉक्टरांना दाखवाच, या गोळ्यांचा असर टिकतो, काही तासांनी ती पुन्हा उतरते.

ताई, गोळ्या आईच्या हातात ठेवू नका. आठवड्याच्या खणांची डबी काकूंकडून भरून घ्या, उरलेल्या पट्ट्या कुलपात.

उपवासाचं म्हणाल तर बाबांना तो सोडा असं आम्ही सांगितलं नाही, ते ऐकलेच नसते. त्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, कोणती वगळायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतलं आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देव्हाऱ्याशेजारी लावलं. रताळं, फळं वेळच्या वेळी खायचं, निर्जळी नाही, एवढं ते मानतात की. कार्तिकी जवळ आली आहे. ज्यांचे आईबाबा एकटे आहेत त्यांनी आदल्या संध्याकाळी फोन करून ती चिठ्ठी त्यांच्याकडून वाचून घ्या.