स्टार स्कीमा आता मोडीत काढा की!

आकडेमोड्या
आठवडाभर ऑफिसात एकच वाद चाललाय, म्हणून धागा काढतोय. नवं डेटा वेअरहाऊस (रिपोर्टांसाठी सगळा डेटा एकत्र ठेवायची जागा) म्हटलं की आमचे ज्येष्ठ लगेच फळ्यावर चांदणी, म्हणजे स्टार स्कीमा, काढतात. मधे फॅक्ट, म्हणजे विक्रीच्या ओळींचं टेबल; भोवती डायमेन्शन, म्हणजे ग्राहक, माल, तारीख, शाखा यांच्या माहितीची टेबलं. वेअरहाऊसवर पुस्तकं लिहिणाऱ्या राल्फ किंबॉलने नव्वदच्या दशकात हे सगळ्यांच्या गळी उतरवलं, तेव्हा डिस्क महाग होती आणि डेटाबेस आख्खी ओळ वाचायचा. आता काय? कॉलमस्टोअर (ओळीऐवजी रकान्यानुसार साठवण) एसक्यूएल सर्व्हरमध्येसुद्धा २०१२ पासून आहे. जिल्ह्याच्या रकान्यात दहा लाख वेळा 'ठाणे' आलं तरी इंजिन तो शब्द डिक्शनरीत ठेवतं आणि पुढे नुसते छोटे आकडे लिहितं. गूगलच्या बिगक्वेरीत ऑन-डिमांड दराने पैसे पडतात ते वाचलेल्या रकान्यांचे, टेबल किती रुंद आहे त्याचे नाहीत.
मग एकच रुंद टेबल करा, सगळं त्यात कोंबा, जॉइनची (टेबलं जोडण्याची) कटकट मिटवा. सेल्सवाल्या पोरांना स्वतःची क्वेरी स्वतः लिहिता येते, हा फायदा वेगळाच. विरोध करणाऱ्यांनी 'असंच करायचं असतं' याच्या पलीकडचं कारण द्यावं.

जुनाट_डीबीए
घ्या कारण. बिलात तीन ओळी, गाडीभाडं संपूर्ण बिलाचं ३०० रुपये. रुंद टेबलात ते तिन्ही ओळींवर उमटणार आणि तुमचं सेल्सवालं पोरगं बेरीज मारून ९०० काढणार. फॅक्टची एक ओळ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवायला लावते ती चांदणी.

आकडेमोड्या
अहो काका, भाडं ओळींवर वाटून टाका, १०० + १०० + १००. किंवा रकमेच्या प्रमाणात वाटा. हे तर किंबॉलचंच म्हणणं आहे. एक ओळ म्हणजे काय हे मीही ठरवतोच, त्यासाठी पाच टेबलं कशाला? हा मुद्दा माझ्या खात्यात जमा.

जुनाट_डीबीए
वाटून टाकण्याची शिस्त असती तर बोलायलाच नको होतं. रुंद टेबलवाले ती पायरी खातात, हे रोज बघतो.

वसईची_सून
भाड्याचं सोडा, जिल्ह्याचं बोलू. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वसई, वाडा, डहाणू, जव्हार वगैरे आठ तालुके तिकडे गेले. आता २०१४-१५ चा जिल्हावार रिपोर्ट काढा. वसईच्या त्याच दुकानाची एप्रिल ते जुलैची बिलं ठाण्यात, ऑगस्टपासूनची पालघरमध्ये. पुढच्या वर्षीशी तुलना केली की ठाणे आपटलेलं दिसणार आणि तिथल्या सेल्स मॅनेजरची विनाकारण हजामत होणार. साहेबांना दोन्ही हवं असतं, 'तेव्हा जसं होतं तसं' आणि 'आजच्या नकाशाप्रमाणे'. डायमेन्शनमध्ये दुकानाच्या दोन ओळी, लागू-पासून आणि लागू-पर्यंत तारखा, शिवाय 'सध्याचा जिल्हा' हा एक रकाना, एवढ्यात काम होतं. तुमच्या रुंद टेबलात काय करता?
आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं ती गोष्ट वेगळी बरं का. तिथे बहुतेक रिपोर्टांना जुनं नाव नकोच असतं, थेट बदलून टाकायचं. दोन बदल वरवर सारखे दिसतात, पण एकात इतिहास जपायचा आणि दुसऱ्यात पुसायचा. हा निर्णय लिहून ठेवायला जागा लागते, ती जागा म्हणजे डायमेन्शन.

फुकट_सल्लागार
वसईताईंना +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेमोड्या
उदाहरण जबरदस्त, मान्य. पण टाइप २ चे (म्हणजे तुमच्या त्या दोन ओळींच्या, लागू-तारखांच्या पद्धतीचे) ते मर्ज, सरोगेट की (प्रत्येक ओळीला दिलेला कृत्रिम क्रमांक), लागू-पर्यंतची तारीख बंद करायला विसरलेला जॉब... यातच टीमचे महिने जातात. मी दुकानांच्या मास्टरची (मूळ यादीची) रोज रात्री एक पूर्ण प्रत ठेवतो. वीस हजार दुकानं, वर्षाच्या ३६५ प्रती, म्हणजे ७३ लाख ओळी. आजच्या साठवणीला हे किस झाड की पत्ती? बिलाच्या तारखेची प्रत उचलली की 'तेव्हाचं', आजची उचलली की 'आत्ताचं'. दोन्ही रुंद टेबलात रकाने म्हणून बसतात.

वसईची_सून
तुमची प्रत सांगते की मास्टरमध्ये कोणी कधी टाइप केलं. जिल्हा झाला १ ऑगस्टला. ईआरपीत (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) पत्त्याचा बदल दिवाळीनंतर कोणीतरी सवडीने केला असेल, तर मधल्या सगळ्या प्रती ठाणेच म्हणणार. त्या दुरुस्त करायला जाल तर प्रत ही प्रत राहिली नाही, आणि लागू-तारीख जोडाल तर टाइप २ च झालं, फक्त ३६५ पट जागा खाऊन.

डॅक्सवेडा
माझा मुद्दा साधा आहे. या महिन्यात ज्यांनी एक रुपयाचाही माल उचलला नाही ते डीलर कोणते? सेल्स हेड दर सोमवारी हेच विचारतात. रुंद टेबलात फक्त विक्री झालेली बिलं, न विकणारा त्यात येणारच कुठून? डीलरची वेगळी यादी लागतेच. म्हणजे डायमेन्शन मागच्या दाराने आत. शिवाय पॉवर बीआय या रिपोर्टांच्या सॉफ्टवेअरसाठी खुद्द मायक्रोसॉफ्ट स्टार स्कीमाच सुचवते. टार्गेट महिन्यावर, विक्री बिलावर; दोन फॅक्ट एका डीलरने आणि एका तारखेने जोडायच्या तर रुंद टेबलवाला हात टेकतो.

जुनाट_डीबीए
याच न्यायाने उलट बाजूही सांगतो, कारण आमच्यातले काही स्टारभक्तही कमी नाहीत. सगळंच डायमेन्शनमध्ये ढकलतात. २२ सप्टेंबर २०२५ ला शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. जीएसटीचा दर मालाच्या डायमेन्शनमध्ये एकच रकाना म्हणून ठेवणाऱ्यांचे जुने महिने एका रात्रीत ५ टक्क्यांनी दिसायला लागतात. जुन्या बिलावरचा परतावा तर जुन्याच दराने. दर बिलाच्या ओळीवरच हवा, जसा छापला तसा. इथे आकडेमोड्यांची पद्धत बरोबर.

आकडेमोड्या
चला, काकांनी एक तरी दिला. डीलरच्या यादीचा मुद्दा मला खोडता येत नाही. ग्राहक-माल-तारीख ही तीन टेबलं ठेवू, तारखेत एप्रिल-मार्च वर्षही घालू. पण सेल्सच्या पोरांना मी रुंद टेबलच देणार, चांदणीवरून रात्री बांधलेलं.

वसईची_सून
द्या की. फक्त त्यात 'जिल्हा' नावाचा रकाना नको. 'बिलाच्या वेळचा जिल्हा' आणि 'सध्याचा जिल्हा', असे दोन. नुसतं 'जिल्हा' दिलंत तर पोरं त्यावरच बेरीज मारतील आणि सोमवारी फोन मलाच येईल.

फुकट_सल्लागार
आणि त्या बांधणीचा जॉब पहाटे फेल झाला तर फोन कोणाला?

आकडेमोड्या
काकांना.