मदत हवी आहे: कललेली बाभळ ट्रॅक्टरने ओढायला काय घ्यावं?

राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात आमच्या विहिरीजवळ साधारण ४० फुटी जुनी बाभळ आहे. पावसाने काळी जमीन भुसभुशीत झाली आणि झाड मोटारीच्या खोलीकडे कललं. बुडाशी हात जाईल एवढी भेग पडलीय, आतली मुळं दिसतात. ते उलट्या बाजूला, मोकळ्या रानात पाडायचंय.

ट्रॅक्टर ४५ एचपी. घरी ट्रॉलीची जुनी साखळी आहे, पण ती मी वापरणार नाही. ताणाखाली तुटलेली कडी गोळीसारखी येते. दोर ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढायच्या दांड्यालाच बांधणार. वर, टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधला की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. झटका न देता हळू ताण द्यायचा, हेही ठरलंय.

अडचण सामानाची आहे. वायर रोप घ्यावा की कमी ताणणारा पॉलिएस्टरचा दोर? खोडाला पट्टा किती रुंद लागेल? शेजारच्या कडुलिंबाला कप्पी बांधून ट्रॅक्टर झाडाच्या रेषेबाहेर ठेवायचा विचार आहे. पण दोर पूर्ण वळला तर कप्पीच्या बांधणीवर ताणाच्या जवळपास दुप्पट भार येतो, मग कप्पी आणि शॅकल (दोर-पट्टा जोडायची लोखंडी कडी) किती टनाची घ्यायची?

सोलापुरात क्षमतेचा शिक्का असलेलं सामान कुठे मिळतं? भाड्याने मिळालं तरी चालेल. स्वतः असं झाड पाडलेल्यांनी कृपया सांगा. तोवर मोटार चालू करायलाही खोलीत कुणाला जाऊ देत नाही.