हार्ड डिस्क कटकट आवाज करते. आधी काय करावे?

प्रश्न (घणसोली): बाबांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क हल्ली कटकट आवाज करते आणि फोटोंचे फोल्डर उघडायला फार वेळ लागतो. एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवण्याआधी डिस्क स्कॅन करून दुरुस्त करावी का?

उत्तर (नौपाडा, ठाणे): कृपया स्कॅन मुळीच चालवू नका, कारण खराब सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवणारे छोटे भाग) पुन्हा पुन्हा वाचायला लावले की अखेरच्या घटका मोजणारी डिस्क लवकर बंद पडते. आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. सॉफ्टवेअर नंतरही टाकता येते. एखादी फाइल अडली, तर ती सोडून पुढे जा.

उत्तर (वाशी): सहमत आहे. २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याचा एक प्रकार) एसएसडी बहुधा जुन्या डिस्कच्याच जागी बसेल. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना, विंडोज १० चा नियमित सपोर्ट (कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज रात्रीच फोटो उतरवायला घेतो.